सव्वातीन पौंड

उद्यमबागेच्या तिसऱ्या गल्लीत,
जिथं फाउंड्रीची काळी वाळू रस्त्यावरच येऊन पडते,
भरमाण्णा मुतगेकर प्रेशर गेज दुरुस्त करतो.
काच काढायची, काटा उपटायचा,
आतली वाकडी पितळी नळी दिव्यासमोर धरायची.
नळी सरळ व्हायला बघते, म्हणून काटा फिरतो.
एवढंच असतं आत.

पुण्याहून कागद आला:
यापुढं सगळ्या डायल बारमध्ये हव्यात.
पौंड चालणार नाहीत, किलोही नकोत.
बावन्न गेजं. सोमवारपर्यंत.

मी डिप्लोमा झालेली. मला वाटलं, काय त्यात,
साडेचौदानं भागलं की झालं.
खरं भरमाण्णा भागत नाही.
त्याच्या दाराच्या आतल्या अंगाला ऑइलपेंटनं कोष्टक आहे,
किलोचे पौंड, इंचाचा पारा,
आणि खाली ईरण्णानं तेच कानडी आकड्यांत उतरवलंय.
दोन्हींच्या मधे कुणाचा तरी ग्रीसचा अंगठा.

"किलो आन् बार एकच की," मी म्हणाले,
"शंभराला दोनाचा फरक."
"दोनशेला चार," तो म्हणाला.
"चारात सील जातंय. सील गेलं की बोट जातंय."
डावा हात त्यानं खिशातून काढला नाही.

टेस्टरच्या थाळ्या जुन्या, पौंडांच्या, शिक्का पुसत आलेला.
दहा बार म्हणजे एकशे पंचेचाळीस:
शंभराची एक, विसाच्या दोन, पाचाची एक.
ईरण्णा ठेवतो, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु,
भरमाण्णा पंपाचा दांडा दाबतो,
आणि तेलावर थाळ्या तरंगतात.
बोटानं फिरवल्या तर आवाज न करता फिरतात.
तेव्हाच नव्या डायलवर पेन्सिलची खूण.
मी बाराशे खुणा केल्या असतील त्या आठवड्यात.

शुक्रवारी त्याला घेरी आली.
सिव्हिलमधल्या बाईनं दंडाला पट्टा बांधला, म्हणाली,
एकशे सत्तर.
"कशात?" यानं विचारलं.
तिला प्रश्नच कळला नाही.

रिक्षात मला म्हणाला, पौंडात सांग.
गोळ्यांच्या बिलामागं मी हिशेब केला.
एक पौंड म्हणजे पाऱ्याचे पावणेबावन्न मिलिमीटर, म्हणजे,
"सव्वातीन. वर किंचित."
"सव्वातीन?
सायकलच्या ट्यूबला तीस लागतात की गं!
एवढ्यावर माणूस पडतंय होय?"
हसत सुटला. खोकला येईपर्यंत.
ईरण्णाला कानडीत सांगावं लागलं.
त्याचं हसू जरा उशिरा पोचलं,
खरं सगळं पोचलं, वाटेत कुठं गळलं नाही.

रात्री बावन्न गेजं ओळीनं मांडली.
पांढऱ्याधोट डायली, सगळे काटे शून्यावर.
हा शून्य खोटा, हे मला ठाऊक आहे.
गेज उघड्यावर असलं तरी हवा बसलेलीच असते प्रत्येकावर,
इथं माळावर सव्वानऊशे मिलिबार,
आंबोली उतरून समुद्राला गेलं की हजारावर.
"ते काय मोजूलालीस?" दिवा मालवत तो म्हणाला.
"ते सगळ्यांवरच असतंय. ते सोडून मोजायचं,
नाहीतर काम व्हायचं न्हाई."
मी सोडून दिलं.
तरी घरी जाताना चढावर
खांद्यांवर ते आहे असं वाटत राहिलं.

पंधरा दिवसांनी परत तोच पट्टा, तीच बाई.
एकशे तीस, ती म्हणाली.
मी बिल शोधायला पर्स उघडली,
तोवर हा पायात चपला सरकवत म्हणाला, "अडीच."

दुसऱ्या दिवशी दाराच्या आतल्या अंगाला
कोष्टकाच्या अगदी खाली ओला रंग होता,
त्याच्या जुन्या वळणात:

पारा १७०, पौंड ३।
पारा १३०, पौंड २॥

ईरण्णा डबीत ब्रश बुडवून
आपल्या ओळीची वाट बघत उभा.